मांजर मागे ठेवा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘कुत्रा माणसाचा, मांजर वास्तूचं. घर बदललंत तर मांजराला तिथेच राहू द्या, त्याला ओढ जागेची असते. जो खाऊ घालेल त्याचं ते. हाक मारली तरी ढिम्म. बाजारात सोडलं तरी पोट भरतं.’ हा मेसेज बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. गिरगाव, लालबाग, वरळीत चाळी पुनर्विकासाला जातायत, लोक खोल्या खाली करून भाड्याच्या घरात निघालेत. अशा वेळी या सल्ल्याने मांजरांचे जीव जातात.

जागेची ओढ असते, हे खरं. दाराच्या चौकटीला, कपाटाच्या कोपऱ्याला गाल घासून मांजर आपला वास लावून ठेवतं आणि त्या वासात त्याला सुरक्षित वाटतं. पण तोच गाल ते तुमच्या पोटरीलाही घासतं! २०१९ साली अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीत क्रिस्टिन विटाल आणि सहकाऱ्यांनी तान्ह्या मुलांसाठी वापरतात तशी चाचणी मांजरांवर केली. अनोळखी खोलीत माणसासोबत दोन मिनिटं, मग एकट्याने दोन मिनिटं, मग माणूस परत. पिल्लं असोत की मोठी मांजरं, ६५ टक्क्यांच्या आसपास मांजरं माणूस आल्यावर निवांत झाली, त्याच्याशी लगट करून पुन्हा खोली हुंगत फिरू लागली. खोली तर परकीच होती; धीर आला तो माणसामुळे.

खाण्यापुरतं प्रेम? त्याच विद्यापीठात २०१७ साली मांजरांपुढे चार पर्याय ठेवले होते: खाणं, खेळणं, वास आणि माणसाचा सहवास. निम्म्या मांजरांनी माणूस निवडला, खाणं ३७ टक्क्यांनी. लालबागच्या एका खाली केलेल्या चाळीत मी मांजरांना खायला घालायला जाते. एकदा तिथल्या करड्या मांजरीपुढे बांगड्याचे तुकडे ठेवले होते, तेवढ्यात खालून तिच्या आजींचा आवाज आला. राहिलेले कागद न्यायला आल्या होत्या. मांजरी ताटली तशीच टाकून, शेपटी ताठ करून जिना उतरली आणि त्यांच्या पायात घोटाळत राहिली. आजींना पायरीवर बसावंच लागलं.

हाकेचं म्हणाल तर जपानी संशोधक आत्सुको साइतो यांनी २०१९ मध्येच दाखवलं, की पाळीव मांजरं स्वतःचं नाव इतर शब्दांतून वेगळं ओळखतात. उठून यायचं की नाही, ते मांजर ठरवतं.

राहिला बाजार. मासळी बाजारातल्या बोक्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात. घरात वाढलेलं मांजर तिथे मार खातं, गाडीखाली येतं किंवा कोपऱ्यात उपाशी बसून राहतं. आणि उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. हे कमिटीच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवा.

मांजर नव्या घरी रुजतं, फक्त त्याला घाईने मोकळं सोडू नका. आधी एकच खोली द्या, खिडक्यांना जाळी लावा. त्याची जुनी गोधडी न धुता तिथे अंथरा, शी-शूसाठी माती भरलेला ट्रेही जुनाच ठेवा. पहिले दोन-तीन आठवडे दाराबाहेर जाऊ देऊ नका, नाहीतर ते जुन्या पत्त्यावर निघेल. आणि रोज थोडा वेळ त्या खोलीत जमिनीवर बसा. जवळ यायचं तेव्हा ते आपणहून येईल.