'नाइस' म्हणजे मूर्ख? मग पुढची पाचशे वर्षं कुठे गेली?

'नाइसचा मूळ अर्थ मूर्ख, म्हणून कुणाला नाइस म्हणू नका' अशा अर्थाच्या पोस्ट फिरत असतात. मूळ अर्थाची माहिती बरोबर आहे, त्यावरून दिलेला सल्ला मात्र साफ चुकीचा.

'नाइस'चं मूळ लॅटिनमध्ये: 'नेस्किउस', म्हणजे न जाणणारा. त्यातला 'ने' म्हणजे आपला 'न'च आणि 'स्किरे' म्हणजे जाणणे. 'सायन्स' हा शब्दही याच 'स्किरे'चा. जुन्या फ्रेंचमधून 'नाइस' इंग्रजीत आला तो १३०० च्या सुमारास, आणि तेव्हा त्याचा अर्थ खुळा, अजाण असाच होता. चौदाव्या शतकातला कवी चॉसर याच्या इंग्रजीतही तो याच अर्थाने भेटतो.

त्यानंतर मात्र शब्दाला पाय फुटले. छचोर, लाजरा, चोखंदळ, नाजूक, काटेकोर असे अर्थ एकाच वेळी वापरात होते. बावळटपासून छानपर्यंत एकदम उडी पडलेली नाही. मधला दुवा चोखंदळपणाचा असावा असं मला वाटतं: बारीक फरक ओळखणारा माणूस नाइस, मग तो बारीक फरक नाइस, आणि शेवटी अशा माणसाला पसंत पडेल ते नाइस. 'सुखद' हा अर्थ रुळला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, 'प्रेमळ' त्याच्याही नंतर.

म्हणून जुनं इंग्रजी वाचताना आधी लिखाणाचा काळ बघा, मग हे विशेषण कशाला लावलंय ते बघा. शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये रोमिओला पाठवलेलं पत्र पोचलंच नाही हे कळल्यावर फ्रायर लॉरेन्स हा साधू म्हणतो की ते पत्र 'नाइस' नव्हतं. तिथे 'छान' हा अर्थ घेतला तर प्रसंगच कोसळतो. त्याला म्हणायचंय की पत्र किरकोळ नव्हतं, महत्त्वाचं होतं.

जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी' या कादंबरीत हेन्री टिल्नी हे पात्र या शब्दाच्या सैल वापराची थट्टा करतं, आणि मूळ अर्थ बहुधा नीटनेटकेपणा, नाजूकपणा असा असावा असं सांगतं. म्हणजे शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यालाही मूळ सापडलेलं नाही, तो मधल्याच टप्प्यावर थांबलाय! शब्दाचा 'खरा' अर्थ मुळातच असतो असं मानलं की हे असं होतं. त्याच न्यायाने आपल्याला 'साहसी' हीही शिवी मानावी लागेल, कारण स्मृतिग्रंथांत 'साहस' म्हणजे बळजबरीचा गुन्हा.

काटेकोरपणाचा अर्थ अजून पूर्ण मेलेला नाही. कायद्याच्या इंग्रजीत 'नाइस क्वेश्चन' किंवा 'नाइस डिस्टिंक्शन' दिसलं तर भाषांतरात 'छान' लिहू नका. तिथे 'सूक्ष्म' हाच शब्द हवा.