‘टॉर्च पॉझिटिव्ह’ म्हणजे बाळाला धोका नव्हे

दिवस गेल्याचे कळताच प्रत्येकीने रक्ताची ‘टॉर्च’ तपासणी करावी, ती पॉझिटिव्ह आली तर बाळात व्यंग येते, वारंवार होणाऱ्या गर्भपातांचे मूळही तिथेच असते आणि औषधांचा कोर्स केल्याशिवाय पुढे जाऊ नये, असा सल्ला समाजमाध्यमांवरून गरोदर स्त्रियांपर्यंत सतत पोहोचत असतो. त्यामुळे निरोगी गर्भाबद्दलही घरोघरी भीती निर्माण होते, म्हणून त्यातील दाव्यांना उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

टॉर्च म्हणजे मुख्यतः टोक्सोप्लाझ्मा, रुबेला (जर्मन गोवर), सीएमव्ही (सायटोमेगॅलो विषाणू) आणि हर्पिस यांच्याविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांचा एकत्र अहवाल. (यांतला टोक्सोप्लाझ्मा विषाणू नसून परजीवी आहे.) आयजीजी म्हणजे संसर्गानंतर दीर्घकाळ टिकणारी प्रतिपिंडे, त्यामुळे त्यातील ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ एवढ्या शेऱ्याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो की तो संसर्ग पूर्वी कधीतरी होऊन गेला आहे किंवा त्याची लस घेतलेली आहे. भारतातील बहुसंख्य प्रौढ स्त्रियांमध्ये सीएमव्हीचे आयजीजी सापडतेच. रुबेलाच्या बाबतीत तर हा शेरा दिलासा देणारा आहे, कारण पहिल्या १२ आठवड्यांत रुबेला झाल्यास बाळाला बाधा होण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत असते, आणि ज्या स्त्रीचे आयजीजी निगेटिव्ह आहे तिलाच हा धोका खरा असतो. गरोदरपणात रुबेलाची लस देता येत नाही. म्हणून रुबेलाची तपासणी मूल होऊ देण्याचा विचार सुरू होतो तेव्हाच करावी आणि लस घेतल्यावर किमान एक महिना थांबावे.

आयजीएम, म्हणजे संसर्गाच्या सुरुवातीला तयार होणारी प्रतिपिंडे, पॉझिटिव्ह आले तर दुर्लक्ष करू नये, पण त्यावरून थेट निष्कर्षही काढू नये. रुबेला आणि सीएमव्हीमध्ये आयजीएम कित्येक महिने टिकू शकते, आणि कधी दुसऱ्याच संसर्गामुळे ते खोटे पॉझिटिव्ह येते. अशा वेळी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घेऊन प्रतिपिंडांचे प्रमाण वाढते आहे का ते पाहतात, तसेच आयजीजीची ‘अ‍ॅव्हिडिटी’, म्हणजे प्रतिपिंडांची पकड किती घट्ट आहे, हे मोजतात. पहिल्या तिमाहीत ती पकड घट्ट आढळली तर संसर्ग बहुधा गर्भधारणेच्या आधीचा असतो. सीएमव्ही गरोदरपणात नव्याने झाल्याचे सिद्ध झाले तरी तो बाळापर्यंत पोहोचतो तो साधारण तीनपैकी एका वेळी, आणि अशा बहुतेक बाळांत जन्मतः कोणतीही लक्षणे नसतात. खात्री करायची तर विसाव्या आठवड्यानंतर गर्भजलात विषाणू थेट शोधणारी पीसीआर चाचणी आणि तज्ज्ञाकडून सोनोग्राफी हे मार्ग आहेत. केवळ आयजीएमच्या एका कागदावर गर्भपाताचा निर्णय घेणे हा त्या स्त्रीवर घोर अन्याय आहे.

वारंवार होणाऱ्या गर्भपातांचा दोष टॉर्चला देणेही चूक आहे, कारण धोका मुख्यतः पहिल्यांदा होणाऱ्या संसर्गाचा असतो, आणि तो दर गरोदरपणी पुन्हा पहिल्यांदा होत नाही. टॉर्चच्या गोळ्या घेण्यात महिने गेले की अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम (रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढवणारा आजार), थायरॉईड, गर्भाशयाची रचना किंवा जोडप्याची गुणसूत्रे यांचा खरा शोध तेवढा लांबतो.

‘प्रत्येकीने करावी’ हा आग्रहही टिकत नाही. अंगावर पुरळ व ताप आला, घरात किंवा शाळेत रुबेलाचा रुग्ण निघाला, सोनोग्राफीत काही शंकास्पद दिसले, तर त्या विशिष्ट विषाणूची तपासणी करावी. पुण्यात २०२४ मध्ये झिका या डासांमुळे पसरणाऱ्या विषाणूचे रुग्ण आढळले तेव्हा बाधित भागांतील गरोदर स्त्रियांवर भर दिला गेला, तो याच तत्त्वाने.

विषाणूंपैकी सरसकट प्रत्येकीची करायची तपासणी आहे ती एचआयव्हीची आणि हिपॅटायटिस ‘बी’ची, कारण तिथे निदान झाल्यावर बाळाला वाचवण्याचा उपाय हातात असतो. उपचाराविना एचआयव्ही बाळाला होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते, आणि आईला वेळेवर औषधे मिळाल्यास ते ५ टक्क्यांच्या खाली येते. हिपॅटायटिस ‘बी’मध्ये आईच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण पाहून तिला औषध देतात, आणि बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लस व त्यासोबत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) देतात. म्हणून आपल्या तपासण्यांच्या कागदांत हे दोन निकाल आहेत का, एवढे प्रत्येक गरोदर स्त्रीने डॉक्टरांना नक्की विचारावे.