तीन सीमा ओलांडून आलेली 100 मेगावॅट वीज

सिंगापुरात राहून मला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत माझ्या घरातली लाइट एकदाही गेलेली नाही. सोलापुरात यंत्रमागाच्या घरात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट अजून अंगवळणी पडत नाही. भारनियमनाच्या दिवसांत लाइट गेली की माग दोन-चार ठोके टाकून थांबायचे, धोटा मध्येच अडकायचा आणि गल्लीत अशी शांतता पसरायची की शेजारच्या घरातलं बोलणं ऐकू यायचं. पुन्हा माग सुरू झाला की थांबल्या जागी टॉवेलवर एक आडवी रेघ राहायची. अण्णा तो टॉवेल उजेडात धरून बघायचे आणि काही न बोलता वेगळ्या ढिगात टाकायचे. त्या ढिगाला व्यापारी पूर्ण भाव देत नसे.

हे आधी सांगितलं, कारण आग्नेय आशियातल्या देशांनी आपापले वीजजाळे एकमेकांना जोडावेत की नाही, हा प्रश्न माझ्यासाठी त्या ढिगापासून सुरू होतो. माझं मत स्पष्ट आहे. जोडावेत, लवकर जोडावेत. पण आज ज्या पद्धतीने चाललंय, त्यात लाओसवर अन्याय होतोय आणि तो दूर केल्याशिवाय हे काम टिकणार नाही.

आसियान ही आग्नेय आशियातल्या देशांची संघटना. तिच्या पॉवर ग्रीडची, म्हणजे सगळ्यांच्या जोडलेल्या वीजजाळ्याची, कल्पना 1997 सालची. आणि या सगळ्या काळात तीन सीमा ओलांडून पोचलेली पहिली वीज किती? 100 मेगावॅट. जून 2022 मध्ये लाओसची जलविद्युत थायलंड आणि मलेशियाच्या तारांवरून सिंगापूरला येऊ लागली. सिंगापूरच्या कमाल मागणीच्या तुलनेत ती दीड टक्का. तरीही त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला होता. इथली जवळजवळ 95 टक्के वीज नैसर्गिक वायूवर होते आणि तो सगळा वायू बाहेरून येतो. या बेटावर वीज करण्याजोगी नदी नाही, मोकळी जमीन नाही, सौर पॅनेल टाकायला छतांशिवाय फारसं काही नाही. शेजाऱ्यांची वीज घेणं ही सिंगापूरची गरजच आहे. 2035 पर्यंत सुमारे 6 गिगावॅट वीज आयात करायचं सरकारने ठरवलंय.

पण पहिला करार दोन वर्षांचा होता. 2024 मध्ये तो संपला. पुढच्या टप्प्यात मर्यादा 200 मेगावॅटवर नेली, त्यात मलेशियाची वीजही आली, आणि लाओसच्या विजेला थायलंडमधून वाट देण्यापाशी घोडं पुन्हा पेंड खायला लागलं. तारा तिथेच आहेत, टॉवर उभे आहेत. अडतं ते वाटेचं भाडं किती, बिघाड झाला तर भरपाई कोणी द्यायची, आणि आपल्याकडे टंचाई असताना दुसऱ्याची वीज पुढे जाऊ द्यायची का, यावर.

तार टाकणं अवघड नाही, हे व्हिएतनामने दाखवलंय. 2023 च्या मे-जूनमध्ये उत्तर व्हिएतनामची धरणं आटली, कारखान्यांत भारनियमन सुरू झालं. दक्षिणेत सौर वीज होती, पण उत्तरेकडे आणायला पुरेशा वाहिन्या नव्हत्या. ऑगस्ट 2024 मध्ये 519 किलोमीटरची नवी 500 केव्हीची (किलोव्होल्ट) अतिउच्चदाब वाहिनी सुरूसुद्धा झाली. एक देश, एक सरकार, म्हणून जमलं. सीमा आली की तेच काम पंधरा-पंधरा वर्षं फायलीत राहतं.

आम्हा सोलापूरकरांना याचं एक उदाहरण घराजवळचंच आहे. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची वाहिनी चालू झाली आणि दक्षिण भारताचं जाळं उरलेल्या देशाशी एका ठेक्यात आलं. त्याआधी दक्षिणेत टंचाई असली आणि आपल्याकडे वीज असली, तरी मोजकीच पलीकडे जायची. आमच्या जिल्ह्यातून गेलेल्या त्या तारा मी अजून गावी गेलो की मान वर करून बघतो.

जोडलं तर शेजाऱ्याचा बिघाड आपल्या घरात येईल, अशी भीती लोक बोलून दाखवतात. भीती खोटी नाही. जुलै 2012 मध्ये आपल्याकडे उत्तर आणि पूर्व भारत अंधारात गेला, तो असाच एकातून दुसऱ्यात. पण त्यावर उपाय आहेत आणि ते इथे वापरातही आहेत. थायलंड आणि मलेशियामधला 300 मेगावॅटचा दुवा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाचा आहे. त्यातून किती वीज सोडायची ते नळासारखं ठरवता येतं, एकीकडचा हेलकावा दुसरीकडे जात नाही.

आता लाओसकडे येतो. माझा खरा जीव तिथे अडकलाय.

हा देश थायलंडला 1971 पासून वीज विकतोय, नाम न्गुम धरण झालं तेव्हापासून. 1975 मध्ये लाओसमध्ये राजवट बदलली, दोन्ही देशांचे संबंध बिघडले, तरी वीज जात राहिली. पुढे नाम थेऊन 2 आलं, 2010 मध्ये. त्याच्या सुमारे 1,070 मेगावॅटपैकी 995 थायलंडसाठी. मग मेकाँगच्या मुख्य प्रवाहावरचं सायाबुरी, 1,285 मेगावॅट, बहुतेक सगळं थायलंडला. यातल्या कितीतरी धरणांची वाहिनी थेट थायलंडच्या जाळ्याला जोडलेली आहे. ती लाओसच्या गावांवरून जाते, पण गावात उतरत नाही. आणि उन्हाळ्यात नद्यांचं पाणी खाली गेलं की हाच लाओस थायलंडकडून वीज विकत घेतो. कर्ज इतकं झालं की 2020 मध्ये उच्चदाब वाहिन्यांच्या कंपनीतला मोठा वाटा चिनी कंपनीकडे द्यावा लागला.

23 जुलै 2018 ला अत्तापू प्रांतात सेपियान-सेनामनोय प्रकल्पाचा एक बांध फुटला. 71 माणसं गेली किंवा बेपत्ता झाली, हजारो बेघर झाली. ही टाळता न येणारी आपत्ती नव्हती, असं तज्ज्ञांच्या समितीने नंतर सांगितलं. त्या प्रकल्पाची बहुतेक वीज परदेशात जाणार होती. विजेच्या दरात या माणसांचा हिशोब कुठल्या रकान्यात आहे?

मागच्या फेब्रुवारीत आम्ही दोघं लुआंग प्राबांगला गेलो होतो. हिवाळ्यात मेकाँग ओसरते तेव्हा काठच्या गाळात बायका भाजी लावतात, आपल्याकडे नदीपात्रात काकड्या-टरबुजं लावतात तशी. एका मावशींच्या वाफ्यात लेट्युस होतं, आणि खालच्या दोन वाफ्यांत नुसता चिखल. वाळूत त्यांनी बांबूची एक काठी रोवलेली होती, तिला चिंधी बांधलेली. आमच्या लॉजवरच्या मुलाने त्यांचं बोलणं सांगितलं: पाणी कधी चढेल ते आता महिन्यावरून कळत नाही, म्हणून रोज सकाळी काठी बघायची. या शहराच्या वरच्या बाजूला अजून एक धरण बांधलं जातंय, 1,460 मेगावॅटचं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये क्वालालंपूरला आसियानच्या ऊर्जामंत्र्यांनी पॉवर ग्रीडच्या नव्या सामंजस्य करारावर सह्या केल्या. आशियाई विकास बँक आणि जागतिक बँक पैसा द्यायला पुढे आल्या आहेत. पैसा येताना अटीही याव्यात. वीज कुठल्याही सभासद देशाच्या तारांवरून ठरलेल्या भाड्यात जाऊ द्यायची, दर दोन वर्षांनी मिनतवाऱ्या नकोत. निर्यातीच्या वाहिनीवरून मूळ देशालाही वीज उतरवून घेता आली पाहिजे. आणि धरणातून पाणी कधी सोडणार हे खालच्या गावांना आधी कळवणं विक्रीच्या करारातच लिहिलेलं असावं, म्हणजे ते मोडलं तर विकत घेणाऱ्यालाही जाब विचारता येईल. सिंगापूरसारख्या श्रीमंत गिऱ्हाईकाने हे मागितलं तर नाही म्हणणं कोणालाही सोपं जाणार नाही. त्यासाठी युनिटमागे थोडं जास्त द्यावं लागलं तर मी माझ्या बिलात ते आनंदाने भरीन, आणि इथल्या आपल्या मराठी मंडळींशीही मी हेच बोलत असतो.

अण्णांना मी त्या काठीचा फोटो पाठवला होता. त्यांनी फोन करून पहिलं विचारलं, "मग त्या बाईची उरलेली भाजी निघाली का रे?" मला सांगता आलं नाही.