सामुद्रधुनीच्या तळाशी तेल, आणि बारसूचा सडा

"अमेरिकेत असल्या आंदोलनांपायी कुणी प्रकल्प अडवत नाही." राजापूरजवळ बारसूला येऊ घातलेल्या रिफायनरीचा विषय निघाला की आमच्या घरच्या ग्रुपवर हे वाक्य कुणी ना कुणी टाकतंच. मागच्या वेळी पुण्याच्या आत्येभावाने टाकलं, खाली चार अंगठे आले आणि विषय संपला. दादा माझ्यापेक्षा मोठा, ग्रुपवर त्याच्याशी वाद घालणं मला बरं वाटलं नाही. पण मी मिशिगनमध्ये राहते आणि माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं, त्यामुळे मला गप्पही बसवत नाही.

इथे गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी 13 नोव्हेंबर 2020 रोजी एक चालू तेलवाहिनी बंद करण्याचा हुकूम काढला. नवा प्रस्ताव नव्हे, 1953 पासून वाहणारी, रोज 5 लाख 40 हजार बॅरल, म्हणजे साडेआठ कोटी लिटरच्या वर कच्चं तेल आणि द्रव इंधन नेणारी वाहिनी. मे 2021 ची मुदत दिली होती. एन्ब्रिज या कॅनडाच्या कंपनीने हुकूम मानला नाही. त्यामुळे दादाचं वाक्य चूक आहे, आणि "तिकडे कायद्याचं राज्य आहे, सरकारने सांगितलं की झालं" असं म्हणणाऱ्या आमच्या दुसऱ्या पक्षाचंही वाक्य चूक आहे. तेल वाहतंच आहे.

या वाहिनीचं नाव लाइन 5. विस्कॉन्सिनमधल्या सुपीरियर गावातून निघते, मिशिगन ओलांडते आणि कॅनडाच्या सार्नियात पोचते, एकूण 645 मैल. ती अमेरिकेतून जाते ती मुख्यतः जवळचा रस्ता म्हणून. मिशिगनचे दोन भाग जिथे समोरासमोर येतात त्या मॅकिनॉच्या सामुद्रधुनीत तिच्या दोन नळ्या होतात, वीस-वीस इंच व्यासाच्या, आणि साडेचार मैल त्या पाण्याच्या तळाशी पडून आहेत. एका बाजूला मिशिगन सरोवर, दुसऱ्या बाजूला ह्यूरन. जगातल्या भूपृष्ठावरच्या गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा या पंचमहासरोवरांत आहे. सामुद्रधुनीतला प्रवाह जोरकस, आणि तो दिशाही बदलतो. मिशिगन विद्यापीठाच्या 2016 च्या अभ्यासात संगणकावर शेकडो वेगवेगळ्या गळत्या सोडून पाहिल्या, तेव्हा दोन्ही सरोवरांचा मिळून 700 मैलांहून जास्त किनारा धोक्याच्या कक्षेत आला. हिवाळ्यात वर बर्फ असतं. बर्फाखालून तेल कसं उपसायचं याचं पटण्याजोगं उत्तर मला कुठल्याही सुनावणीत ऐकायला मिळालेलं नाही.

मी मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करते. म्हणून मला वाहिनीच्या वयापेक्षा तिच्या कागदांची जास्त काळजी वाटते. 1953 मध्ये मिशिगन राज्याने तळ वापरायची परवानगी दिली, तीत अट होती की नळीला दर 75 फुटांच्या आत आधार हवा. प्रवाहाने खालची वाळू खरवडत नेली, लांबच लांब तुकडे अधांतरी राहिले, आणि हे वर्षानुवर्षं चाललं. पुढे कंपनीने आधार बसवले. मग एप्रिल 2018 मध्ये तिथून जाणाऱ्या एका टग-बार्ज मालवाहू जहाजाचा नांगर खाली सुटलेला राहिला आणि तळावरून फरफटत गेला. त्याने वीजवाहक केबली तोडल्या, लाइन 5 च्या नळ्यांना पोचे पाडले. नळी फुटली नाही. जून 2020 मध्ये पूर्वेकडच्या नळीच्या एका आधाराचं मोठं नुकसान झालेलं सापडलं आणि जिल्हा न्यायालयाने काही काळ तेल थांबवलं होतं. आमच्या कामात एखादा भाग दोनदा वाचला म्हणून त्याला पास करत नाहीत. दोनदा वाचला म्हणजे दोनदा इशारा मिळाला.

कंपनीवर विश्वास ठेवा म्हणणाऱ्यांना मी कलामाझू नदी आठवून देते. 25 जुलै 2010 च्या संध्याकाळी याच कंपनीची लाइन 6बी मार्शल गावाजवळ फुटली. दूर कॅनडातल्या नियंत्रण कक्षात धोक्याच्या घंटा वाजत होत्या. बसलेल्यांनी समज करून घेतला की नळीत पोकळी झाली आहे, आणि दाब वाढवायला पंप पुन्हा सुरू केले. एकदा नव्हे, दोनदा. 17 तास असे गेले. शेवटी एका गॅस कंपनीच्या कर्मचाऱ्याने फोन करून सांगितलं की तुमचं तेल इथे वाहतंय. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या 2012 च्या अहवालानुसार सुमारे 32 लाख लिटर तेल बाहेर पडलं आणि त्यातलं 81 टक्के त्या दोन वेळच्या पंपिंगमध्ये. ज्या भेगेतून नळी फाटली ती 2005 च्या तपासणीत नोंदलेली होती. हे वाचून मी त्या रात्री बराच वेळ सुन्न होते. भेग माहीत होती, नोंद होती, फाइल होती.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 7 ऑगस्ट 2010 ला, मुंबईच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली. शेकडो टन तेल समुद्रात गेलं, कांदळवनांच्या मुळांना काळा लेप बसला, लोकांनी मासे घेणं टाकलं आणि कोळणींचा धंदा ऐन हंगामात बसला. पुढच्याच जानेवारीत मुंबई हायहून उरणला येणारी समुद्राखालची वाहिनी गळली. म्हणजे तळाशी पडलेली तेलाची नळी हा फक्त मिशिगनचा विषय नाही, ती आपल्याही दारात आहे. पण कलामाझूची भेग मी घरी बसून, पान उलटून वाचू शकले. मुंबईच्या कोळणीला तिच्या नुकसानीची अशी सलग हकिगत, तिच्या भाषेत, कुणी हातात दिली असेल असं मला वाटत नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती मी उरकून टाकणार नाही, कारण ती माणसं मी पाहिली आहेत. सामुद्रधुनीवरच्या पुलापलीकडे मिशिगनचा उत्तर भाग आहे, जेमतेम तीन लाख वस्ती, अंतरं मोठी आणि हिवाळा लांब. शहराबाहेर गॅसची जोडणी नसते. घराच्या मागे पांढरी, आडवी, औषधाच्या गोळीसारखी प्रोपेनची टाकी असते. सेंट इग्नेसजवळ आम्ही ज्या छोट्या मोटेलात उतरतो, त्याचा मालक सत्तरीचा आहे. जानेवारीत तो रोज सकाळी बर्फ बाजूला सारून टाकीचं झाकण उचलतो आणि काटा पाहतो. तीस टक्क्यांच्या खाली गेला की टँकरवाल्याला फोन. एकदा वादळात टँकर तीन दिवस आला नाही, तेव्हा त्याने पाहुण्यांच्या सगळ्या खोल्या बंद करून पाइप फुटू नयेत म्हणून एकाच मजल्यावर उष्णता ठेवली होती. उत्तर भागातल्या प्रोपेनपैकी 65 टक्के लाइन 5 मुळे मिळतो असं कंपनी सांगते. आकड्यावर वाद आहे, गरजेवर नाही. तो मला म्हणाला, "तळं मला तुमच्यापेक्षा जास्त प्यारं आहे, मी इथे जन्मलो. पण बंद करा म्हणणारे सगळे डेट्रॉइटच्या बाजूला राहतात."

मी डेट्रॉइटच्या बाजूला राहते. उन्हाळ्यात मॅकिनॉ बेटावर सायकल चालवायला जाते, आणि परत येताना ज्या विमानतळावरून भारतात उडते त्याचं इंधन ज्या शुद्धीकरण कारखान्यांतून येतं, त्यांतल्या काहींना लाइन 5 चं तेल जातं. तरीही मी बंद करा म्हणते. फक्त बंद करण्याची किंमत त्या मोटेलवाल्याने एकट्याने भरायची नाही, हे त्याच वाक्यात म्हणते. राज्याने मार्च 2021 मध्ये प्रोपेनची योजना आणली होती, रेल्वेने पुरवठा, साठवण वगैरे. ती कागदावरून टाकीच्या काट्यापर्यंत आधी पोचायला हवी होती. ती तशी पोचली नाही आणि कंपनीला लोकांची भीती आयती मिळाली.

कंपनीचा तोडगा बोगद्याचा आहे. सामुद्रधुनीच्या खाली खडकात बोगदा खणायचा आणि नळी त्यात टाकायची. नांगराचा धोका त्याने जाईल, हे मान्य. पण 2018 च्या करारात त्या बोगद्याचा भाडेपट्टा 99 वर्षांचा आहे. आज खणलेल्या बोगद्यात माझ्या नातवंडांच्या म्हातारपणापर्यंत तेल वाहील असं गृहीत धरून पैसा ओतायचा, हे मला पटत नाही. शिवाय तो होईपर्यंत जुन्या नळ्या तशाच पडून राहणार.

सगळ्यात जास्त मला शिकवलं ते मिशिगनमधल्या बे मिल्सच्या आनिशिनाबे लोकांनी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांनी. त्यांच्या पूर्वजांनी 1836 च्या तहात जमीन सोडली, मासेमारीचा हक्क सोडला नाही. राज्याने पुढे वर्षानुवर्षं तो हक्क नाकारला, जाळी जप्त केली, माणसं पकडली. 1979 मध्ये फेडरल, म्हणजे केंद्राच्या न्यायालयाने निकाल दिला की तह अजून जिवंत आहे. आज लाइन 5 च्या सुनावणीत बे मिल्सचे प्रतिनिधी उभे राहतात तेव्हा ते पर्यावरणप्रेमी म्हणून बोलत नाहीत, हक्कदार म्हणून बोलतात. विस्कॉन्सिनमधल्या बॅड रिव्हर जमातीचंही तसंच. त्यांच्या जमिनीतून जाणाऱ्या काही तुकड्यांची परवानगी 2013 मध्ये संपली, तेल वाहत राहिलं, ते 2019 मध्ये कोर्टात गेले. जून 2023 मध्ये न्यायाधीशांनी कंपनीला 51 लाख डॉलर द्यायला लावले आणि जून 2026 पर्यंत तिथून निघायला सांगितलं. त्याआधीच कॅनडाने 1977 च्या पाइपलाइन तहाचा आधार घेतला. दोन देशांचा तह एका बाजूला, जमातीचा तह दुसऱ्या बाजूला, आणि मिशिगन राज्याने कंपनीवर भरलेला खटला तर राज्याच्या कोर्टात चालवायचा की फेडरल, एवढ्याच प्रश्नावर वर्षं गेली. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेवढाच प्रश्न ऐकायला घेतला.

कोकणातल्या रापणकाराकडे, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराकडे, 1836 चा कागद नाही. त्याचा हक्क वहिवाटीचा. कोळीवाड्यांच्या सीमा आखून द्या ही मागणी किती वर्षांची आहे हे किनाऱ्यावरच्या कुणालाही विचारा. कागद नसला की माणूस प्रकल्पाच्या नकाशावर दिसतच नाही, आणि दिसावं म्हणून त्याला रस्त्यावर झोपावं लागतं.

बारसूत एप्रिल 2023 मध्ये तेच झालं. माती परीक्षणाच्या गाड्या येणार म्हणून राजापूर तालुक्यातल्या बायका भर उन्हात सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, आडव्या झाल्या. जमावबंदी लागली, अश्रुधूर सोडला. त्याआधी फेब्रुवारीत, या प्रकल्पाबद्दल बातम्या देणारे पत्रकार शशिकांत वारिशे राजापुरात गाडीखाली चिरडले गेले आणि त्या प्रकरणी खुनाचा गुन्हा दाखल झाला. रिफायनरीची आधीची, नाणारची जागा 2019 मध्ये रद्द झाली, मग 2022 मध्ये बारसूचं नाव पुढे आलं. वर्षाला 6 कोटी टनांचा, 3 लाख कोटी रुपयांचा म्हणून जो प्रकल्प नाणारला जाहीर झाला होता, तो दुसऱ्या जागी नेताना आकार किती, पाणी कुठून, सांडपाणी कुठल्या खाडीत, कच्चं तेल कुठल्या मार्गाने किनाऱ्यावर येणार, हे गावच्या माणसाला मराठीत, लेखी, आधी मिळायला हवं होतं. त्याच सड्यावर कातळशिल्पं आहेत. त्याच सड्यात मुरलेलं पाणी खालच्या विहिरींना येतं. आमच्या माहेरच्या विहिरीचं पाणी सड्याचंच आहे, म्हणून हे मला नकाशा न बघता कळतं.

दादा म्हणतो, पोरं मुंबईला जातात, गावात रोजगार नको का? हवा. तो प्रश्न मोटेलवाल्याच्या काट्याइतकाच खरा आहे, आणि आंबा-काजू-मासळी पुरेशी आहे असं ठोकून सांगणारे विरोधकही मला गुळमुळीत वाटतात. पुरेशी असती तर घरांना कुलपं लागली नसती. पण रोजगार किती, कुणाला, किती वर्षं, हेसुद्धा कागदावरच यावं लागेल, भाषणात नाही. इथे लोक 1953 च्या परवानगीतलं 75 फुटांचं कलम काढून राज्याला दाखवू शकले, म्हणून गव्हर्नरला हुकूम काढता आला. आज बारसूसाठी किंवा दुसऱ्या कुठल्या सड्यासाठी जे करारपत्र लिहिलं जाईल, त्यात अशी कलमं आहेत का, ती मोडली तर कोण बंद करणार, आणि गावाला ती मोडल्याचं कळणार कसं?

2025 च्या जूनमध्ये बोगद्याच्या पर्यावरण अहवालाच्या मसुद्यावर अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने लोकांची मतं मागवली. मुदत फक्त महिन्याभराची होती आणि त्याआधीच बऱ्याच जमातींनी ही घाई पाहून त्या चर्चेतून अंग काढून घेतलं होतं. मी माझं मत पाठवलं: सामुद्रधुनीतल्या नळ्या बंद करा, आणि उत्तर भागाच्या हिवाळ्याची सोय त्याच आदेशात लिहा. दादाला मी आता ग्रुपवर उत्तर देणार आहे. प्रकल्प हवा की नको, ते नंतर. राजापूरच्या पंचायत समितीत तुझी ओळख आहे, तर मला आधी पाण्याचा आणि सांडपाण्याचा आराखडा मागवून दे, मराठीतला.