पोर्ट म्हटला की कापलेलाच? रेसिंग गेमबद्दलच्या एका फॉरवर्डला उत्तर

गेमिंगच्या ग्रुपांवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. शब्द इकडचे तिकडे होतात, सार तेच राहतं. कॉन्सोलचा (टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राचा) रेसिंग गेम फोनवर आला की तो कापलेलाच असतो. फोनचा गेम टीव्हीवर किंवा पीसीवर गेला की ते नुसतं ताणलेलं चित्र असतं. खरं-खोटं ओळखायचं तर डाउनलोड किती जीबीचा आहे ते बघा. भारी फोन घेतला की अडचण मिटते, आणि कंट्रोलर जोडला की उरलासुरला फरकही जातो.

ही पाच विधानं आहेत. त्यातलं दुसरं अर्धं खरं आहे, बाकीची चार चुकीची. पोर्ट म्हणजे एका यंत्राच्या गेमची दुसऱ्या यंत्रावर नेलेली आवृत्ती. ती कुठून कुठे गेली यावर तिचा दर्जा ठरत नाही. नव्या यंत्रासाठी नेमकं काय नव्याने केलं, यावर ठरतो.

"कॉन्सोलचा गेम फोनवर आला की कापलेलाच"

आधी नावांचा घोळ मिटवू. 2012 चा 'नीड फॉर स्पीड: मोस्ट वॉन्टेड' कॉन्सोलसाठी क्रायटेरियन या स्टुडिओने केला. फोनवर त्याच नावाने आलेला गेम फायरमंकीज या दुसऱ्या स्टुडिओने वेगळा बांधला होता. त्यात मोकळं शहर नाही, मेन्यूतून निवडायच्या सुट्या शर्यती आहेत. तो पोर्ट नव्हेच. कॉन्सोलच्या गेमचा खरा पोर्ट प्लेस्टेशन व्हिटा या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आला. त्यात अख्खं फेअरहेवन शहर तसंच ठेवलं होतं, रहदारी आणि तपशील तेवढे कमी केले होते. फोनवरच्या वेगळ्या गेमकडे बोट दाखवून "बघा, कापला" म्हणणाऱ्यांनी मुळात दोन वेगळ्या गेमांची तुलना केलेली असते.

आता खऱ्या पोर्टचं उदाहरण घेऊ. कोडमास्टर्स कंपनीचा 'ग्रिड ऑटोस्पोर्ट' 2014 मध्ये पीसी, पीएस3 आणि एक्सबॉक्स 360 वर आला. पोर्ट करणाऱ्या फेरल इंटरॅक्टिव्ह कंपनीने तो नोव्हेंबर 2017 मध्ये आयओएसवर आणि नोव्हेंबर 2019 मध्ये अँड्रॉइडवर आणला. एकदा पैसे भरायचे, आतमध्ये पुन्हा खरेदी नाही, मूळ गेमसाठी नंतर आलेली जादा सामग्रीही त्यातच. हे जमलं कसं, याचं उत्तर आकड्यांत आहे. पीएस3 मध्ये 256 एमबी मुख्य मेमरी आणि 256 एमबी ग्राफिक्सची होती, एक्सबॉक्स 360 मध्ये मिळून 512 एमबी. आयफोन 7 मध्ये 2 जीबी रॅम होती. म्हणजे फोन मूळ यंत्रापेक्षा अरुंद नव्हताच. फोनची खरी मर्यादा उष्णता आणि बॅटरी ही होती; तिच्याकडे पुढे येऊ.

या पोर्टवरचा एक नेहमीचा आक्षेप असा, की कॉकपिट कॅमेऱ्यातून, म्हणजे चालकाच्या जागेवरून बघताना, डॅशबोर्ड धूसर दिसतो, म्हणजे फोनसाठी कापलं. तसं नाही. 'ग्रिड 2' मधून काढून टाकलेला कॉकपिट कॅमेरा ऑटोस्पोर्टमध्ये परत आला तोच धूसर डॅशबोर्ड घेऊन, आणि 2014 च्या मोठ्या पडद्यावरच्या आवृत्तीलाही त्याबद्दल बोल लागले होते. पोर्टवर दोष ठेवण्याआधी मूळ गेम बघावा तो यासाठी. खरंच काय गेलं ते सांगायचं तर मोबाईल आवृत्ती आली तेव्हा तिच्यात मल्टिप्लेअर नव्हतं. ही उणीव मोठी आहे, आणि चित्राशी तिचा काडीचा संबंध नाही.

"फोनचा गेम मोठ्या पडद्यावर म्हणजे ताणलेलं चित्र"

हे अर्धं खरं, आणि त्याचा ढळढळीत पुरावा 'कॉलिन मॅक्रे रॅली' आहे. 2013 मध्ये हा गेम आयओएसवर आला, 2014 मध्ये तीच मोबाईल आवृत्ती स्टीम या गेमांच्या ऑनलाइन दुकानात पीसीसाठी विकायला ठेवली. जुन्या लाडक्या गेमची नव्याने घडवलेली आवृत्ती समजून लोकांनी घेतली आणि फोनचा गेम पाहून भडकले. कोडमास्टर्सला पैसे परत देण्याची तयारी दाखवावी लागली, आणि तेव्हा स्टीमवर परताव्याची आजची सोयही नव्हती, ती 2015 मध्ये आली. ग्राहकांचा राग रास्त होता.

पण याच रस्त्याने गेलेला 'होरायझन चेज' बघा. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रीतल्या अक्वायरिस स्टुडिओने तो 2015 मध्ये फोनसाठी काढला आणि 2018 मध्ये 'होरायझन चेज टर्बो' नावाने पीएस4, पीसी, निन्टेंडो स्विच आणि एक्सबॉक्स वनवर नेला. एकाच पडद्यावर चौघांना खेळता येईल अशी सोय घातली, आणि गेम झकास चालला. हा फरक नशिबाचा नाही. त्याची चित्रशैली सपाट रंगांच्या, मोजक्या कोनांच्या आकारांची आहे, त्यामुळे 5 इंचांवरून 50 इंचांवर गेल्यावर फाटायला बारीक टेक्स्चरच (पृष्ठभागांवर चढवलेली चित्रं) नाहीत. गाडीचं वळणंही नव्वदच्या दशकातल्या गेमांसारखं, डावं किंवा उजवं एवढ्यावर बेतलेलं. ते अंगठ्याने करा नाहीतर बटणाने, हाताला सारखंच लागतं. (संगीत बॅरी लीचचं, त्या काळातल्या 'टॉप गिअर' या गेमचं संगीत देणारे तेच. जुन्या खेळाडूंना पहिल्याच ट्रॅकवर ओळख पटते.)

फोनवरून टीव्हीवर जाताना तीन गोष्टी नव्याने कराव्या लागतात आणि आळशी पोर्ट तिन्ही सोडून देतो. पहिली कॅमेऱ्याची. फोन हातभर अंतरावर असतो म्हणून कॅमेरा गाडीला चिकटवलेला असतो. टीव्ही दोन-अडीच मीटरवर, तिथे तोच कॅमेरा ठेवला तर पडद्याचा मोठा भाग गाडीची मागची बाजूच खाते आणि वळण उशिरा दिसतं. दुसरी स्टिअरिंगच्या मदतीची. बोटाने खेळताना गेम चाक आपोआप सरळ करतो, कधी वळणात थोडं वळवूनही देतो. कंट्रोलरवर ही मदत चालू राहिली की गाडी रुळावरून धावल्यासारखी वाटते. तिसरी पैशांची. फुकट मोबाईल गेममध्ये इंधन, थांबण्याची वेळ, गाडी मिळवायला गोळा करायचे ब्लूप्रिंट ही रचना मुळातच खर्च करायला लावणारी असते. 'अस्फाल्ट 9' 2019 मध्ये स्विचवर गेला तेव्हा ब्लूप्रिंट सोबत गेले. 'गिअर.क्लब' मात्र 2017 मध्ये 'अनलिमिटेड' होऊन स्विचवर आला तो विकत घ्यायचा गेम म्हणून, आतली खरेदी काढून. खेळणाऱ्याच्या संध्याकाळवर याचा परिणाम सावल्यांच्या दर्जापेक्षा कितीतरी जास्त होतो.

"जीबी बघा, कळेल"

2048 गुणिले 2048 पिक्सेलचं एक टेक्स्चर न दाबता (कॉम्प्रेस न करता) ठेवलं तर 16 एमबी लागतात. पीसी-कॉन्सोलवरच्या बीसी7 पद्धतीने दाबलं तर 4 एमबी. फोनवरच्या एएसटीसी पद्धतीत 4×4 पिक्सेलचे ठोकळे घेतले तर तेही 4 एमबी, 6×6 चे घेतले तर सुमारे 1.8 एमबी, 8×8 चे घेतले तर 1 एमबी. 4×4 आणि 6×6 मधला फरक डांबर, गवत, आभाळ यांवर फोनच्या पडद्यावर सहसा दिसत नाही. म्हणजे निम्म्याहून कमी वजनाचा डाउनलोड डोळ्यांना जवळपास तसाच दिसू शकतो. शिवाय मोठ्या डाउनलोडमध्ये बरंच वजन व्हिडिओंचं आणि अनेक भाषांतल्या आवाजांचं असतं.

टेक्स्चर जास्त दाबलंय का हे बघायचं तर रिप्ले थांबवा आणि गाडीच्या दारावरची जाहिरातीची अक्षरं बघा. 8×8 च्या आसपास दाबलेलं असेल तर अक्षरांच्या कडा चौकोनी डागांसारख्या विरघळतात, लालावर पांढरं असेल तर भोवती गुलाबी धूळ दिसते. मग रस्ता बघा. रेसिंग गेममध्ये डोळा गाडीवर नसतो, पुढच्या डांबरावर असतो. कमी कोनातून दिसणारा पृष्ठभाग स्पष्ट ठेवायला ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंग लागतं, आणि पोर्टमध्ये पहिली कात्री बहुधा त्यालाच लागते. मग वीस-तीस मीटरच्या पुढे पांढरे पट्टे राखाडी लगदा होतात. तिसरी तपासणी ब्रेकिंगच्या पाट्यांची. ट्रॅकच्या कडेच्या 150, 100, 50 मीटरच्या पाट्या किती लांबून दिसतात ते बघा. 100 ची पाटी जवळ गेल्यावर अचानक उगवत असेल तर ब्रेक कुठे मारायचा हे कळायचं साधनच गेलं. असा गेम कितीही जीबीचा असो, त्यावर वेळ लावून सराव करता येत नाही.

"भारी फोन घ्या, सगळं स्मूथ"

हा गैरसमज सर्वांत महाग पडतो. प्रोसेसरचा वेग पहिल्या पाच मिनिटांपुरता. नंतर फोन तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. पंखा नाही, उष्णता जायला वाट म्हणजे काच आणि धातूची कड. ॲपल स्वतःच आयफोन 0 ते 35 अंश सेल्सिअस हवेत वापरा असं सांगतं. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात भोवतालची हवाच 40 च्या वर असते. तिथे सर्वांत महागडा फोनही पूर्ण वेगाने अर्धा तास चालण्याची अपेक्षा धरू नये.

आता पोर्ट करणाऱ्याचा हात इथे कुठे दिसतो? मेमरीतून माहितीची ने-आण करायला वीज लागते आणि ती उष्णता होते. पीएस4 ची मेमरी सेकंदाला 176 जीबी ने-आण करते, स्विचची 25.6 जीबी. फोनचे ग्राफिक्स चिप म्हणूनच पडदा छोट्या चौकोनी तुकड्यांत रंगवतात आणि शक्य तेवढं काम चिपच्या आतल्या छोट्या मेमरीत उरकतात. कॉन्सोलचं गेम इंजिन (गेम चालवणारं सॉफ्टवेअर) तसंच्या तसं आणलं तर ते प्रत्येक टप्प्याला अख्खा पडदा बाहेरच्या मेमरीत लिहितं, पुन्हा वाचतं, आणि फोन भाजतो. टायरचा धूर सर्वांत वाईट, कारण पारदर्शक थरावर थर चढतात आणि एकच पिक्सेल अनेकदा रंगवावा लागतो. म्हणून सुरुवातीचं पहिलं वळण, जिथे सगळ्या गाड्या एकत्र ब्रेक मारतात, ही खरी परीक्षा. आरशांचा कॅमेरा चालू केलात तर तेच दृश्य दुसऱ्यांदा रंगवावं लागतं.

सरासरी एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमचा (चित्रांचा), आकडाही फसवा असतो. सेकंदाला 60 वेळा बदलणाऱ्या, म्हणजे 60 हर्ट्झच्या, पडद्यावर 40 एफपीएस म्हणजे एक फ्रेम 16.7 मिलिसेकंद राहते, पुढची 33.3, पुन्हा 16.7. हाताला धक्के जाणवतात. त्यापेक्षा ठाम 30 बरं. 120 हर्ट्झच्या पडद्यावर मात्र तेच 40 एफपीएस प्रत्येकी 25 मिलिसेकंदांचं, एकसारखं बसतं, आणि फोनही कमी तापतो.

घरी तपासायचं तर असं करा. कव्हर काढा, चार्जर काढा, ब्राइटनेस निम्म्यावर ठेवा. पहिली फेरी मोजू नका. अँड्रॉइडवर शेडर (ग्राफिक्स चिपला रंगवायच्या सूचना) तयार होत असताना नवा गेम किंवा ताजं अपडेट सुरुवातीला अडखळतंच, तो कायमचा दोष नाही. मग सर्वाधिक गाड्यांची शर्यत लावा आणि तीच शर्यत सलग 20 मिनिटं खेळा. पहिल्या आणि शेवटच्या शर्यतीच्या सुरुवातीचा फ्रेम रेट फोनच्या गेम मोडमधल्या आकड्यावर ताडून बघा. 60 वरून 35 ते 50 मध्ये हेलकावे खात असेल तर सेटिंगमध्ये 30 ला, पडदा 120 हर्ट्झचा असेल तर 40 ला बांधा. बांधायची सोयच दिली नसेल तर तो पोर्ट अर्धवट आहे, फोनला दोष देऊ नका. आणि गेम मेमरी कार्डावर ठेवू नका. वेगात धावताना पुढचा ट्रॅक सतत वाचावा लागतो, कार्ड मागे पडलं की झाडं आणि कठडे उशिरा उगवतात.

भारी यंत्राने सगळं सुटत नाही याचा पुरावा पीसीवरही आहे. 2013 चा 'नीड फॉर स्पीड रायव्हल्स' पीसीवर 30 एफपीएसला बांधलेला होता. कारण गेमचं घड्याळच फ्रेमला जोडलेलं. नुसती मर्यादा उठवली की अख्खा गेम दुप्पट वेगाने पळायचा. लाखाचं ग्राफिक्स कार्ड तिथे काय करणार?

"कंट्रोलर जोडला की फरक संपला"

आयओएस 13 पासून, म्हणजे 2019 पासून, आयफोनला एक्सबॉक्स वन आणि ड्युअलशॉक 4 चे कंट्रोलर ब्लूटूथने थेट जोडता येतात. अँड्रॉइडवर ही सोय आधीपासून आहे. पण जोडला जाणं वेगळं आणि गेमने तो नीट वाचणं वेगळं. विलंब मोजायचा असेल तर दुसऱ्या फोनने 240 एफपीएसचं स्लो मोशन काढा, चौकटीत अंगठा आणि पडदा दोन्ही घ्या. स्टिक हलल्यापासून गाडीची चाकं वळेपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम साधारण 4.2 मिलिसेकंदांची. 24 फ्रेम आल्या तर 100 मिलिसेकंद. ताशी 200 किलोमीटरला एवढ्या वेळात गाडी साडेपाच मीटर जाते, स्वतःच्या लांबीहून जास्त.

दुसरी गोष्ट ट्रिगरची, म्हणजे कंट्रोलरच्या वरच्या कडेला असलेल्या गॅस-ब्रेकच्या बटणांची. अर्धा ब्रेक दाबता येतो का? मंद वळणातून बाहेर पडताना ट्रिगर चतुर्थांश दाबा. मागची चाकं लगेच घसरली तर गेम ट्रिगरला नुसतं चालू-बंद बटण समजतोय. स्विचच्या जॉय-कॉन आणि प्रो या कंट्रोलरचे ट्रिगर तर मुळातच चालू-बंद आहेत, त्यामुळे तिथे हा प्रश्न प्रत्येक रेसिंग गेमपुढे येतो. फेरलने 'ग्रिड ऑटोस्पोर्ट' स्विचवर नेला तेव्हा यावर विचार केला: निन्टेंडोच्या जुन्या गेमक्यूब कॉन्सोलचा कंट्रोलर ॲडॅप्टरने जोडला तर त्याच्या दाबानुसार चालणाऱ्या ट्रिगरना गेम ओळखतो. हा कंट्रोलर घरात पडून असेल तर आधी तोच जोडा, आणि स्थिर 60 च्या जवळ जाणारा परफॉर्मन्स मोड निवडून मगच ब्रेकिंगची मदत बंद करा.