बारा वर्षांखालचा चिखल

कोल्हापुरात बारक्या पोरांच्या फुटबॉल टीमचा कोच होणं म्हणजे काय असतं हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. इथं घरटी एक माजी खेळाडू असतोच. कुणाचा काका पाटाकडीलकडून खेळलेला, कुणाचा मामा दिलबहारचा, कुणाचे आजोबा खंडोबाचे, आणि जो कुठूनच खेळला नाही त्यानं शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून आयुष्यभर मॅची बघितलेल्या असतात, म्हणजे त्याला तर सगळ्यात जास्त कळतं. त्यात 2017 ला आपला अनिकेत जाधव अंडर-17 वर्ल्डकपला भारताकडून खेळला, तेव्हापासून प्रत्येक आईबापाला आपल्या पोराच्या पायात कायतरी दिसायला लागलंय. मला फक्त सुटलेल्या लेसा दिसतात.

खरं म्हणजे पावसाळा हा इथला फुटबॉलचा सीझनच नव्हे. मोठ्यांच्या मॅची थंडीत सुरू होतात नि उन्हाळ्यात संपतात, शहाणी माणसं आहेत ती. बारक्यांच्या स्पर्धा मात्र शाळा सुरू झाल्यावर घ्यायच्या, म्हणजे जुलैत, म्हणजे नेमकं पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशारा पातळीकडं निघालेलं असतं, अख्खं गाव मोबाईलवर राधानगरीचा कितवा दरवाजा उघडला ते बघत बसलेलं असतं, आणि आम्ही गांधी मैदानावर कॉर्नरचे झेंडे रोवत असतो. गांधी मैदान म्हणजे पूर्वीचं वरुणतीर्थ तळं. तळं बुजवून मैदान केलं हे माणसांना माहितेय, पाण्याला कुणी सांगितलेलं नाही. त्यामुळं दरवर्षी ते आपल्या घरी आल्यासारखं येतं आणि आरामात राहतं.

तर रविवारी सकाळी आठची मॅच. सात वाजल्यापासून फोन. 'सर मॅच हाय का?' हाय. 'पाऊस पडाय लागलाय की.' दिसतोय मला. 'मग मॅच हाय का?' ग्रुपवर मेसेज टाकला तरी प्रत्येकाला वेगळं विचारायचं असतंच, आणि एकीचा तर मैदानावर माझ्यासमोर उभं राहूनच फोन आला. 'सर, ह्याला सर्दी हाय, तेवढं पाण्यात पाठवू नका हं. मी इथंच थांबतो.' आता पोरगं राइट विंगला खेळतंय आणि राइट विंगला पाण्याशिवाय दुसरं कायच नाही, त्याला पाण्यात नको तर पाठवू कुठं?

रेफरी आले, छत्री एका हातात धरून त्यांनी बॉल सोडून बघितला. उसळायचं सोडाच, 'पच्च' करून जिथं पडला तिथंच बसला. त्यांनी जरा विचार केला, मग चार पावलं बाजूला जाऊन परत टाकला, तिथं वीतभर उडाला. 'होतंय की,' म्हणाले. त्या वीतभर जागेच्या भरवशावर मॅच सुरू झाली.

त्याआधी बुटांचं प्रकरण. आमच्या सेंटर हाफच्या बुटाचा तळ वॉर्मअपमध्येच चिखलात राहिला, वरचा भाग तेवढा पायात आला. त्याचे वडील लगेच रिंगणात. 'अनवाणी खेळू दे की सर! 1911 ला मोहन बागाननं अनवाणी खेळूनच गोऱ्यांच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हाणलंय की.' बरोबर आहे, हाणलंय, आयएफए शील्ड जिंकलीय. पण मी पण कोल्हापूरचाच, मी म्हणलं 1952 ला हेलसिंकी ऑलिम्पिकला आपली टीम बहुतेक अनवाणीच होती, युगोस्लाव्हियाकडून 10-1 खाल्लं आणि त्यानंतरच बूट सक्तीचे केले. त्यावर ते म्हणाले युगोस्लाव्हियाला पाऊस कुठं माहीत होता. ह्याला काय उत्तर द्यायचं? शेवटी दुसऱ्या पोराचे जादा बूट मिळाले, दोन नंबर मोठे, पुढं वर्तमानपत्र कोंबून घातले. पहिल्याच किकला बॉल जागेवर राहिला आणि बूट गोलात गेला. ह्यावर समोरच्या टीमच्या एका आजोबांनी अपील केलं.

महिनाभर मी पोरांना पासिंग शिकवलेलं. त्रिकोण करा, मोकळ्या जागेत जा, बॉल जमिनीवर ठेवा. बॉल जमिनीवर ठेवण्याबद्दल तक्रारच नव्हती, तो जमिनीतून वर येईना. दहा मिनिटांत फक्कीच्या रेषा वाहून गेल्या, पेनल्टी बॉक्स कुठं संपतो हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर राहिलं. आणखी पाच मिनिटांत आमचा निळा नि त्यांचा लाल असा फरकच संपला, सगळी पोरं एका रंगाची. आमच्या कॅप्टननं त्यांच्या बॅकला तीन सुरेख पास दिले. सुरेख होते खरंच, नेहमी देत नाही तसले.

आमचा गोलकीपर तेवढा स्वच्छ, कारण बॉल त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. त्याला ते सहन होईना. मी बघितलं तर हा पोस्टला पाठ लावून खाली बसलेला, दोन्ही हातांनी चिखलाचा बांध घालायलाय, मध्ये एक काडी रोवून पातळी मोजतोय. 'काय करायलायस रे?' 'सर, इशारा पातळी आली.'

हाफटाइमला मी ठरवून भाषण केलं. म्हणलं पोरांनो, 1954 चा वर्ल्डकप, बर्नला फायनल, असाच पाऊस. हंगेरी म्हणजे त्यावेळी कुणाला ऐकायची नाही, त्याच स्पर्धेत आधी जर्मनीला 8-3 नं धुतलेलं. पण जर्मनीकडं काढघाल करायचे स्टड होते, चिखल बघून त्यांनी लांब स्टड लावले आणि 3-2 नं जिंकले! माझाच आवाज जरा कापरा झाला. पोरं टक लावून बघत होती. मग कळलं की माझ्याकडं नाही, माझ्यामागच्या केळ्यांकडं. एकानं तरी विचारलं, 'सर, मग आपण कुठले स्टड लावायचे?' त्याच्या बुटाला मुळात स्टडच नव्हते, झिजून गेलेले. दुसरा म्हणाला 'सर, शी लागली.'

दुसऱ्या हाफमध्ये गोल झाला. कसा झाला ते कुणालाच सांगता येणार नाही. त्यांच्या गोललाइनच्या हातभर अलीकडं मोठं डबकं, बॉल त्यात गेला आणि बुडाला, त्याच्यावर आमची सहा आणि त्यांची आठ पोरं गेली, आणि मग नुसतेच पाय दिसायला लागले. आमच्या इथल्या निम्म्या टीम तालमींच्या आहेत, म्हणजे मूळ कुस्तीच्या, पण ते इतकं उघड दिसायचं नाही कधी. रेलिंगला धरून उभे असलेले एक म्हातारे वस्ताद, जे एवढा वेळ 'ह्यो काय खेळ हाय' असं तोंड करून बघत होते, ते एकदम पेटले. 'मानेवर घे! कलाजंग टाक! आता सोडू नगंस त्याला!' कुणाला सांगत होते देव जाणे, पण कुणीतरी टाकला, सगळा ढिगारा उलटा होऊन गोलात गेला, आणि सगळ्यात खाली, त्यांच्या गोलकीपरच्या पोटाखाली, बॉल. रेफरींनी शिट्टी फुंकली, तिच्यातून आधी पाणी आलं, मग आवाज. दोन्ही टीमा नाचायला लागल्या.

मग स्कोअरर विचारतोय, गोल कुणाचा? तिघं म्हणाले माझा. नंबर सांगा. जर्सी घरून आणायच्या असल्यानं निम्म्या टीमच्या पाठीवर मेस्सीचा 10, म्हणून मी आदल्या रात्री बसून काळी टेप लावून कुणाचा 16, कुणाचा 18 केलेला. बाटलीनं पाठी धुतल्या तर टेपा चिखलाबरोबर खाली. तिन्ही पाठींवर 10. स्कोअररनं शांतपणे '10' लिहिलं आणि पेन खिशाला लावलं.

नंतर त्यांनी पण एक मारला. 1-1. आया सुरू. 'सर, हे डाग निघतात का हो?' मला विचारतात! कुणाच्या पिशवीत दोन्ही डावेच बूट, एका सॉक्सवर तिघांचा हक्क, आणि अनवाणीवाले वडील लांबून, 'बूट काढले असते तर जिंकला असता.'

सगळे गेल्यावर मी बॉलांची जाळी खांद्यावर टाकून रिक्षा बघायला लागलो. दोन थांबल्या नाहीत. तिसरा थांबला, माझ्याकडं वरून खाली बघितलं, सीटवर प्लॅस्टिक अंथरलं. 'काय झालं?' म्हणलं 1-1. गाडी सुरू करायचं सोडून मागं वळला. 'मिडफिल्डला किती ठेवलेले?' तीन. त्यानं हँडलवरचे हात काढले. 'चिखलात मिडफिल्ड कशाला लागतंय सर? मागं चार, पुढं चार, मधलं पाणी बघतंय की.' मी काय बोललो नाही. त्यानं गाडी सुरू केली, मीटर काय टाकला नाही. 'साठ द्या. जिंकला असता तर पन्नास घेतले असते.'