विष बाहेर पडत नव्हतं, अण्णा

गेल्या रविवारी कराडला मावशीकडे गेले होते. नैराश्यावरची रोजची गोळी घेतली की नाही हा गोंधळ नको म्हणून ती पट्टीच्या मागच्या चंदेरी कागदावर बॉलपेननं वार लिहून ठेवते. मंगळवारपर्यंतच्या गोळ्या घेतलेल्या होत्या. बुध, गुरू, शुक्र, शनी जागच्या जागी. आणि मावशी सोफ्याला धरून उभी. मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं होतं म्हणाली. मी घाबरले, तर तीच मला समजावते, "अगं, विष बाहेर पडतंय ते. आठ दिवस होणारच."

हे ज्ञान तिला घरच्या ग्रुपवरून मिळालं. तिच्या दिरांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी टाकलेला मेसेज. उगवत्या सूर्याचा फोटो आणि खाली मजकूर: रोज पाच किलोमीटर पळा, नैराश्याच्या गोळ्या आजच कचऱ्यात टाका. धावणं गोळ्यांइतकंच गुणकारी आहे हे हॉलंडच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. पळताना एंडॉर्फिन नावाचं नैसर्गिक औषध तयार होतं. गोळ्यांचं व्यसन लागतं. पळणाऱ्याला नैराश्य येतच नाही. आणि सुरुवातीला चक्कर आली तर घाबरू नका, शरीरातलं विष बाहेर पडतंय.

आधी त्या विषाचंच बघू, कारण बाकीचं अर्धवट आहे, हे मात्र सरळ धोक्याचं आहे. मावशी घेते ती एस्सिटॅलोप्रॅम. रक्तातलं तिचं प्रमाण साधारण ३० तासांत निम्म्यावर येतं. म्हणजे चार दिवस गोळी चुकली की उरतं जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढं. ज्या औषधाशी मेंदू कित्येक महिने जुळवून घेऊन बसलाय, ते असं एकदम काढून घेतलं की चक्कर, मळमळ, चिडचिड, उडालेली झोप आणि तो करंट, हे सगळं होऊ शकतं. गोळी अचानक बंद केल्याची ही ठरलेली लक्षणं आहेत. डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी त्याच संध्याकाळी गोळी परत सुरू करायला लावली, आणि मंगळवारी मावशी स्वतः गिरणीत दळण ठेवून आली. विष बाहेर पडत होतं, तर तेच विष पुन्हा पोटात गेल्यावर तिला बरं कसं वाटलं, अण्णा?

या वाक्यातली लबाडी बघा. बरं वाटलं तर पळण्यामुळे, त्रास झाला तर विष बाहेर पडतंय म्हणून. मग माणसानं डॉक्टरांकडे जायचं तरी कधी?

आता हॉलंड. हा अभ्यास खरा आहे, हे मी कबूल करते, जरा जिवावर येऊनच. ॲमस्टरडॅममध्ये झाला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्य किंवा चिंतेचा आजार असलेले १४१ जण. ४५ जणांना गोळ्या, ९६ जणांना १६ आठवडे गटानं पळणं. शेवटी आजारातून बाहेर आलेले गोळ्यांच्या गटात सुमारे ४५ टक्के, पळणाऱ्यांत सुमारे ४३ टक्के. वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब यांत पळणारे पुढेच होते. मेसेज इथे थांबतो. तो लिहिणाऱ्यानं पुढचं वाचलं नसावं, किंवा वाचून गिळलं असावं.

पुढचं असं. १४१ पैकी फक्त २२ जणांचा गट चिठ्ठ्या टाकून ठरला. बाकीच्यांनी आपला उपचार आपणच निवडला, आणि गोळ्या निवडणाऱ्यांचं नैराश्य मुळात थोडं जास्त होतं. पळणं म्हणजे देखरेखीखाली, आठवड्यातून दोन ते तीनदा, ४५ मिनिटं. एवढी सोय असूनही ठरल्याप्रमाणे ते पार पाडणारे निघाले ५२ टक्के. गोळ्यांच्या गटात हाच आकडा ८२. ज्या आजारात सकाळी पांघरूण बाजूला सारणं म्हणजे डोंगर, त्यात "उठा आणि पाच किलोमीटर पळा" हे सांगणं किती सोपं आहे ते यावरून कळावं. आणि मुख्य म्हणजे, चाललेली गोळी एका रात्रीत बंद करून पळायला लावलं तर काय होतं, हे त्या अभ्यासानं तपासलेलंच नाही. त्या गटाला जी गोळी दिली होती ना, ती बहुतेकांना हीच, मावशीची.

एंडॉर्फिनबद्दल फार लिहीत नाही. पळल्यावर रक्तात ते वाढतं, पण रक्तातून मेंदूत सहज शिरत नाही. जर्मनीत ६३ जणांना एंडॉर्फिनचा परिणाम अडवणारं औषध देऊन पळवलं, तरी पळाल्यानंतरची ती तरतरी आलीच. म्हणजे गंमत दुसरीकडेच कुठेतरी आहे. पण असते, हे मी स्वतः सांगते. मी साताऱ्यात राहते, आठवड्यातून तीनदा यवतेश्वरचा घाट पळत चढते, आणि ज्या दिवशी चढत नाही त्या दिवशी घरच्यांना माझं तोंड बघवत नाही. पळण्याशी माझं भांडण नाही.

व्यसन? या गोळीची तल्लफ येत नाही, की डोस वाढवत नेण्याची ओढ लागत नाही. एकदम सोडली की त्रास होतो, त्याला लोक व्यसन म्हणतात. कायमची घ्यावी लागते असंही नाही. ब्रिटनमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, बरं वाटू लागलेल्या आणि गोळी थांबवायचा विचार करणाऱ्या लोकांपैकी काहींची गोळी हळूहळू कमी करत बंद केली. वर्षभरात त्यांच्यातल्या ५६ टक्के लोकांचा आजार उलटला, गोळी चालू ठेवलेल्यांत ३९ टक्के. म्हणजे थांबवता येते, पण पायरीपायरीनं आणि डॉक्टरांशी बोलून. आणि तरीही जोखीम असतेच.

पळणाऱ्याला नैराश्य येत नाही म्हणे. ब्रिटनची केली होम्स २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ८०० आणि १५०० मीटर, दोन्हींत सुवर्णपदक जिंकली. त्याच्या आदल्याच वर्षी, दुखापतींनी बेजार असताना, ती नैराश्यात होती आणि स्वतःला इजा करून घेत होती. हे तिनंच जगाला सांगितलंय. तिच्यापेक्षा जास्त पळणारा पेन्शनर त्या ग्रुपवर असेल तर मला कळवा.

अण्णा, हे तुम्ही वाचाल हे मला माहीत आहे. तुमच्या मनात वाईट काही नव्हतं, तेही माहीत आहे. तो मेसेज तेवढा ग्रुपवरून काढा, आणि तुम्हाला तो जिथून आला तिथेही हे पाठवा. मावशी आता सकाळी गोळी घेऊन प्रीतिसंगमावर चालायला जाते. दोन फेऱ्या मारते, मग बाकावर बसून कृष्णा-कोयनेकडे बघते. पळत नाही. तुम्ही आणलेले बूट मात्र तिला अगदी मापात बसलेत.